रांगती जीप : प्रतिकृती कुठे खरे सांगते आणि कुठे फसवते

मालवणच्या किनाऱ्यावरून आत चालू लागले की दोन-चार किलोमीटरांत जमिनीचे किती तरी प्रकार पायाखालून जातात. आधी पुळणीची सैल वाळू, मग चिऱ्यांच्या पायऱ्या आणि गडगे, मध्ये एखाद्या व्हाळातले गुळगुळीत गोटे, पावसाळ्यात पाणंदीतला लाल चिखल आणि वर गेल्यावर जांभ्याचा खडबडीत सडा. गाडीसाठी हा प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळा प्रश्न आहे. हे प्रश्न शाळेच्या आवारातच, हातभर लांबीच्या गाडीला विचारता आले तर?

जगभर अनेक छांदिष्ट लोक अशा गाड्या स्वतः बांधतात. खऱ्या जीपची किंवा ट्रकची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायची, ती रेडिओने दुरून चालवायची आणि खडकांवरून, पायऱ्यांवरून हळूहळू चढवत न्यायची. शर्यतीच्या गाडीचा गुण वेग, तर हिचा गुण संथपणा. ती रांगत जाते म्हणून तिला क्रॉलर म्हणतात. आपण तिला रांगती गाडी म्हणू. रेडिओलहरींनी यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला एक लहान बोट अशी चालवून दाखवली होती. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ मध्ये टोयोटाच्या एका गाडीची १:१० प्रमाणातली प्रतिकृती बाजारात आणली. तिची चारही चाके ओढणारी होती आणि तिला तीन गिअर होते. आजच्या तयार रांगत्या गाड्या चांगल्याच महाग असतात. पण आमच्या मते शाळेने ती विकत घेण्यापेक्षा बांधावी, कारण यातले विज्ञान बांधताना करावे लागणाऱ्या हिशेबात आहे.

कोणती गाडी, किती लहान?

आपण नमुना म्हणून जुनी आखूड जीप घेऊ. विलीज कंपनीच्या आराखड्यावरून महिंद्र आणि महिंद्र कंपनीने या जीप भारतात वर्षानुवर्षे बनवल्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर. डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १२२ सेंटिमीटर. चाकाचा व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर आणि वजन साधारण १ टन.

प्रमाण १:८ ठरवले तर आसांमधले अंतर सुमारे २५ सेंटिमीटर, चाकांमधले १५ सेंटिमीटर आणि चाकाचा व्यास ९ सेंटिमीटर येतो. वजनाचे काय? लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही आठपट कमी झाल्या, म्हणून आकारमान ८ × ८ × ८ = ५१२ पट कमी झाले. १००० किलोग्रॅमला ५१२ ने भागले की सुमारे २ किलोग्रॅम येतात. मोटरी, बॅटरी आणि सांगाडा धरून एवढ्या वजनात गाडी बसवता येते.

चढावर गाडी तीनच प्रकारे हरते. तिची चाके घसरतात, किंवा मोटर अडते, किंवा गाडी उलटते. या तिन्हींचा हिशेब खिळा ठोकण्यापूर्वी करता येतो.

घसरणे

एका फळीवर गाडी ठेवा. चाके फिरू नयेत म्हणून दोऱ्याने बांधून टाका. फळीचे एक टोक हळूहळू उचला. ज्या कोनावर गाडी घसरू लागते त्या कोनाचा टॅन म्हणजे चाक आणि फळी यांच्यातला घर्षण गुणांक. ३५ अंशाला घसरली तर गुणांक ०.७ आणि ४५ अंशाला घसरली तर १. फळीच्या जागी चिरा, कौल, ओला चिरा आणि शेवाळ धरलेला चिरा घेऊन पाहा. सायकलच्या ट्यूबचे रबर, चपलेचे रबर आणि नुसते प्लॅस्टिक यांचीही तुलना करा.

या समीकरणात गाडीचे वजन कुठेही नाही. वजन वाढले की गाडीला खाली ओढणारे बल वाढते, पण तिला धरून ठेवणारे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे गाडी जड केली की ती चढ चांगली धरते ही समजूत इथे टिकत नाही. रबराच्या बाबतीत हा नियम थोडा वाकतो. मऊ रबर खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत शिरते आणि त्याची पकड दाबावरही काहीशी अवलंबून राहते. म्हणूनच रांगत्या गाडीचे टायर मऊ असतात. त्यांत हवेऐवजी स्पंज भरतात आणि आतली हवा बाहेर जावी म्हणून चाकाला बारीक छिद्र ठेवतात. चाक दगडाच्या कडेवर आले की ते दबून कडेला कवेत घेते.

अडणे

आता मोटरीकडे वळू. ४५ अंशाच्या चढावर २ किलोग्रॅमच्या गाडीला खाली ओढणारे बल म्हणजे २ किलोग्रॅम गुणिले साइन ४५ अंश, अर्थात १.४ किलोग्रॅमच्या वजनाइतके. चारही चाकांनी मिळून एवढे ओढले पाहिजे. चाकाची त्रिज्या ४.५ सेंटिमीटर, म्हणून एकूण आघूर्ण सुमारे ६.३ किलोग्रॅम-सेंटिमीटर. दुकानात गिअरमोटरीचे आघूर्ण याच एककात सांगतात आणि त्याला टॉर्क म्हणतात.

हे आघूर्ण चार मोटरींत सारखे वाटून चालणार नाही. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांवर सरकते. गुरुत्वमध्य आसांच्या बरोबर मध्यावर आणि जमिनीपासून ८ सेंटिमीटर उंच असेल, तर ४५ अंशावर मागच्या दोन चाकांवर चार-पंचमांशाहून अधिक भार येतो. पकड असते तिथेच ओढ लावता येते. म्हणून मागच्या प्रत्येक मोटरीवर सुमारे २.६ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा वाटा येतो. अडचणीसाठी दुप्पट धरून निदान ५ सहज देणारी मोटर निवडावी.

दुकानदाराच्या आकड्यावर विसंबण्याची गरज नाही. मोटरीवर चाक बसवा, त्याच्या घेराला दोरा गुंडाळा आणि दोऱ्याला पाण्याची बाटली लटकवा. बाटलीत पाणी वाढवत न्या. मोटर अडेल तेव्हाचे वजन गुणिले चाकाची त्रिज्या म्हणजे तिचे सर्वाधिक आघूर्ण. अडलेल्या मोटरीतून मोठा विद्युतप्रवाह वाहतो आणि ती लवकर तापते, म्हणून ती अडताच बटण बंद करावे.

आता वेग. मिनिटाला ६० फेरे घेणारी गिअरमोटर घेतली तर चाक सेकंदाला एक फेरा घेते आणि गाडी सेकंदाला सुमारे २८ सेंटिमीटर जाते. या वेगाने ४५ अंशाचा चढ चढायला लागणारी शक्ती काढा : १३.९ न्यूटन गुणिले ०.२८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम ४ वॉट! घरातला एलईडी दिवासुद्धा याहून अधिक वॉटचा असतो. मोटर लहान चालते, कारण गिअर वेगाच्या बदल्यात बल देतात. घाटात अवजड ट्रक पहिल्या गिअरमध्ये का चढतो, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा या गाडीवर लवकर कळते.

उलटणे

गाडी आडव्या उतारावर उभी करून उतार वाढवत गेलो, तर गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेषा एका क्षणी खालच्या चाकांच्या बाहेर पडते आणि गाडी उलटते. त्या कोनाचा टॅन म्हणजे चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. आपल्या गाडीत ७.६ भागिले ८, म्हणजे सुमारे ०.९५ आणि कोन सुमारे ४४ अंश. बॅटरी आणि मोटरी खाली आणून उंची ६ सेंटिमीटर केली तर कोन ५२ अंशांच्या आसपास जातो. म्हणून बांधणारे लोक चाकांच्या आत वजन ठेवतात. किनाऱ्यावर जाळ्यांना लावायचे शिशाचे तुकडे मिळतात, पण शिसे विषारी आहे. मुलांच्या हाती ते देऊ नये, वितळवणे तर दूरच. लोखंडी नट त्याच कामाचे आहेत.

गुरुत्वमध्याची उंची दिसत नसली तरी मोजता येते. फळीच्या खालच्या बाजूला एक पातळ पट्टी ठोका, म्हणजे चाके घसरणार नाहीत. गाडी आडवी ठेवून फळी उचला, उलटण्याचा कोन मोजा आणि वरचे समीकरण उलटे सोडवा.

आता गाडीच्या टपावर, जमिनीपासून १८ सेंटिमीटर उंचीवर, अर्धा किलोग्रॅम वजन बांधा. गुरुत्वमध्य कुठे गेला? २ गुणिले ८ अधिक ०.५ गुणिले १८, भागिले २.५, म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर. उलटण्याचा टॅन ०.७६ झाला आणि कोन ४४ वरून ३७ अंशांवर घसरला. खऱ्या जीपवर याचा अर्थ काय? अर्धा किलोग्रॅम गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २५० किलोग्रॅम, कॅरिअरवर टाकलेली भाताची पन्नास-पन्नास किलोंची पाच पोती.

हा कोन फक्त उतारापुरता नाही. वळणावर गाडीला बाहेर ढकलणाऱ्या परिणामालाही हेच गुणोत्तर लागू पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक ०.८ च्या आसपास धरतात. रिकाम्या जीपचे उलटण्याचे गुणोत्तर ०.९५, म्हणजे घर्षणापेक्षा अधिक. फार वेगाने वळली तर ती आधी घसरेल. टपावर पाच पोती टाकलेल्या जीपचे गुणोत्तर ०.७६, म्हणजे घर्षणापेक्षा कमी. ती घसरण्याआधीच उलटेल. घसरणारी गाडी चालकाला निदान इशारा देते, उलटणारी देत नाही. प्रत्यक्षात स्प्रिंगा एका बाजूला दबल्याने परिस्थिती आणखी बिकट होते. टपावर सामान आणि मागे माणसे लोंबकळत असलेली गाडी घाटाच्या वळणावर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोन आकड्यांमधल्या लहानशा फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

चारही चाके जमिनीवर

तीन पायांचे स्टूल कुठेही डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते, चौथा बिंदू त्यात असेलच असे नाही. दगडांवर उभ्या असलेल्या ताठ गाडीचे चौथे चाक असेच हवेत राहते. याचा उपाय शेतातल्या ट्रॅक्टरवर दिसतो. त्याचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर टेकवलेला असतो, त्यामुळे तो डावी-उजवीकडे झुलतो. आपल्या गाडीलाही पुढचा आस असाच झुलता ठेवावा. चांद्रयान-३ मधून ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या २६ किलोग्रॅमच्या प्रज्ञान या गाडीला सहा चाके होती. ती अशाच झुलत्या दांड्यांवर बसवलेली होती आणि गाडीचा वेग सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर होता.

एवढे करूनही एखादे चाक हवेत गेले तर? साध्या मोटारीत डिफरन्शियल नावाची गिअररचना दोन्ही चाकांना सारखेच आघूर्ण देते. हवेतल्या चाकाला ते जवळजवळ लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही मिळत नाही. हवेतले चाक भिरभिरते आणि गाडी जागीच राहते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर दिली तर हा प्रश्न मिटतो. पुढच्या चाकांच्या मोटरी उभ्या खिळींवर फिरत्या बसवून सर्व्होमोटरीने वळवता येतात.

प्रतिकृती कुठे फसवते?

घसरण्याचा आणि उलटण्याचा कोन ही दोन्ही गुणोत्तरे आहेत. त्यांत आकार येत नाही. म्हणून त्या बाबतीत लहान गाडी मोठ्या गाडीविषयी खरे सांगते. पण तीन ठिकाणी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पहिले ठिकाण मजबुतीचे. वजन ५१२ पट कमी झाले, पण सांगाड्याच्या दांडीचे छेदक्षेत्र ६४ पटच कमी झाले. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा ताण आठपट कमी. त्यामुळे प्रतिकृती पायरीवरून पडून पुन्हा चालू लागते आणि खरी जीप मोडते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हा विचार मांडला होता. प्राण्यांच्या आकाराबद्दल तो जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात फार सुंदर उलगडला. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर इथे वारले.

दुसरे ठिकाण वाळूचे. चाकाखालचा दाबही आठपट कमी असतो. त्यामुळे जिथे खरी जीप रुतते त्या पुळणीवरून प्रतिकृती सहज निघून जाते. शिवाय वाळूचा कण काही आठपट लहान झालेला नसतो. अर्ध्या मिलिमीटरचा कण आपल्या गाडीला चार मिलिमीटरच्या खडीसारखा लागतो. प्रतिकृती गेली म्हणून मोठी गाडी जाईल असे म्हणता येत नाही.

तिसरे ठिकाण काळाचे. १ मीटरवरून पडायला जो वेळ लागतो तो त्याच्या आठव्या भागावरून पडायला आठपट कमी लागत नाही. तो ८ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.८ पटीने कमी होतो. लहान गाडीचे डुलणे आणि आपटणे घाईघाईचे दिसते ते यामुळे. चित्रपटात बुटक्या प्रतिकृती संथगतीने दाखवतात, त्याचेही कारण हेच. आपल्या गाडीचा सेकंदाला २८ सेंटिमीटर हा वेग २.८ ने गुणला की खऱ्या जीपचा ताशी सुमारे ३ किलोमीटर वेग येतो. खडकांवर कसलेला चालक साधारण असाच जातो. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती पाण्यात तपासतात. तिथेही लाटांचा आणि प्रवाहाचा काळ याच वर्गमुळाच्या नियमाने बदलून वाचावा लागतो.

बांधताना

सांगाड्याला ॲल्युमिनियमची पट्टी, आणि वरच्या टपाला व बॉनेटला हलके लाकूड पुरते. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तिथल्या खेळण्यांसाठी वापरले जाणारे पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि कापायला सोपे असते. टप हलके, तर गुरुत्वमध्य खाली, हे विसरू नये.

जुन्या रेडिओ खेळण्यांची तरंगलांबी सुमारे ११ मीटर असे, म्हणून त्यांना लांब अँटेना लागे. आजची साधने २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून तीन सेंटिमीटरची तार पुरते. भारतात कमी शक्तीच्या अशा साधनांना वेगळा परवाना लागत नाही.

लिथियम बॅटरी संरक्षक मंडलासह तयार जोडलेलीच घ्यावी, तिच्याच चार्जरने आणि मोठ्या माणसाच्या नजरेखाली चार्ज करावी. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. खाऱ्या हवेत लोखंडी खिळ्या लवकर गंजतात, म्हणून पुळणीवरून आल्यावर मोटरी आणि तारा सांभाळून चाके गोड्या पाण्याने धुवावीत, वाळवावीत आणि ग्रीस लावावे. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्रकासवे अंडी घालतात. तिथे विणीच्या हंगामात गाडी नेऊ नये. पावसाळ्यात सड्यावर उगवणाऱ्या बारीक वनस्पतींवरही चाके फिरवू नयेत. शाळेच्या पायऱ्या आणि चिऱ्यांचा ढीग प्रयोगाला भरपूर आहे.

वर्गासाठी काही प्रश्न

१. पुढच्या आसाकडे बॅटरी सरकवून गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १२.५ ऐवजी १५ सेंटिमीटरवर नेला. उंची ८ सेंटिमीटर आहे. सरळ चढावर मागे उलटण्याचा कोन किती अंशांनी वाढला?

२. तेवढीच गाडी १:१० प्रमाणात केली तर वजन किती येईल? दुप्पट जड मोटरी बसवल्या तर घसरण्याचा कोन बदलेल का? उलटण्याचा बदलेल का?

३. कोरडी वाळू ओतून तिच्या ढिगाचा उतार मोजा. मग ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूत उभी भिंत करून पाहा. गाडी पाण्याच्या कडेने चालवणे सोपे का जाते?

४. गाडी चढावर हरली की प्रत्येक वेळी एकच शब्द लिहा : घसरली, अडली की उलटली. अशा वीस नोंदी झाल्यावर गाडीत पहिला बदल कोणता करायचा हे विद्यार्थ्यांनी वहीतून ठरवावे, अंदाजाने नव्हे.